चित्रपटांची श्रेयनामावली चॅटबॉटकडून गोळा करता येईल का?

वाचनवेडी

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात निर्माण झालेल्या चित्रपटांची एक विश्वासार्ह सूची तयार करावी, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. मूकपटांपासून सुरुवात करून साधारण १९७० पर्यंत यावे आणि प्रत्येक चित्रपटासमोर दिग्दर्शन, कथा, पटकथा, संवाद, छायालेखन, कलादिग्दर्शन, ध्वनिमुद्रण, संगीत, गीते, पार्श्वगायन, संकलन आणि प्रमुख कलावंत असे रकाने असावेत, अशी कल्पना आहे. आमच्यातील तरुण मंडळींचे म्हणणे असे की, रकान्यांचा तक्ता चॅटबॉटपुढे ठेवला की तो भरून मिळतो आणि मग आपण वरवर नजर फिरवली म्हणजे झाले. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, त्या यंत्राचे एक अक्षरही सूचीत येता कामा नये. मला दोन्ही टोके पटत नाहीत. एका नावाची अदलाबदल झाली तरी एखाद्याच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी पडते, अशा स्वरूपाच्या माहितीसाठी या साधनावर कोणत्या टप्प्यावर आणि किती विसंबावे, हा माझा प्रश्न आहे. ज्यांनी प्रत्यक्ष वापर केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रीळवाला

ताई, तुमच्या तरुण मंडळींना आधी त्या यंत्राची एक छोटी परीक्षा घ्यायला सांगा. 'सैरंध्री' हा बाबूराव पेंटर यांचा १९२० चा मूकपट. त्याचे संगीत कोणाचे आणि पार्श्वगायन कोणाचे, असे सरळ विचारावे. चित्रपट मूक असल्यामुळे प्रश्नच गैरलागू आहे, असे उत्तर आले तरच पुढे जावे. मी विचारले तेव्हा एका चॅटबॉटने अत्यंत अदबीने गोविंदराव टेंबे यांचे नाव दिले. ते कोठून आले असावे हे ओळखणे अवघड नाही. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'चे संगीत टेंब्यांचे आणि त्यातील हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. म्हणजे माणूस खरा, गाव खरे, क्षेत्रही खरे आणि श्रेय मात्र बारा वर्षे आधीच्या, ज्यात आवाजच नव्हता अशा चित्रपटाचे. धादांत खोटे नाव पटकन ओळखू येते. असे शोभणारे नाव जाणकाराच्याही नजरेतून निसटते.

दुसरे असे की, तुमच्या रकान्यांतच एक खड्डा आहे. सुरुवातीच्या बोलपटांत नट-नट्या कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि ध्वनिमुद्रण तेथल्या तेथे होत असे. आपल्याकडे पार्श्वगायन सुरू झाले ते १९३५ च्या सुमारास. त्याआधीच्या चित्रपटांसमोर तो रकाना उघडा ठेवून 'भरा' म्हटले की यंत्र तो भरणारच, कारण रिकामी जागा रिकामी ठेवण्याची शिस्त त्याला आपणहून नसते. जेथे रकाना लागू नाही तेथे 'लागू नाही' असे आपणच आधी लिहून ठेवावे.

संगणकमित्र

रीळवाला यांनी जे पाहिले त्याचे कारण थोडक्यात सांगतो. हे यंत्र एखाद्या नोंदवहीत बोट फिरवून नाव काढून देत नाही. प्रशिक्षणाच्या वेळी वाचलेल्या प्रचंड मजकुरावरून, समोरच्या वाक्यानंतर कोणते शब्द येणे संभवते, याचा ते अंदाज करीत जाते. ज्या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे त्याचा दिग्दर्शक आणि नायक-नायिका बहुधा बरोबर येतात, कारण तीच नावे त्या शीर्षकाशेजारी पुन्हा पुन्हा छापली गेलेली असतात. नामावलीत जसजसे खाली उतरावे, म्हणजे संकलक, ध्वनिमुद्रक, रंगभूषाकार, साहाय्यक, तसतसा मजकूर विरळ होतो आणि अंदाज धाडसी होतो. वाक्याचा थाट मात्र तोच राहतो, आणि खरी अडचण तीच आहे.

'तुला खात्री आहे का?' असे विचारून काही साधत नाही. बरोबर उत्तरावरही ते माफी मागून दुसरे नाव देऊ शकते आणि चुकीच्या उत्तरावर ठाम राहू शकते. स्वतःच्या उत्तराला टक्केवारीत खात्री द्यायला सांगितली तर टक्केवारीही देते. पण तीही त्याच अंदाजपद्धतीने आलेली असते.

जालावर शोध घेऊन उत्तर देणारी सोय असेल तर परिस्थिती बरीच सुधारते. तरीही दिलेला दुवा उघडून, ते नाव त्या पानावर खरोखर आहे का आणि त्याच चित्रपटासाठी आहे का, हे डोळ्यांनी पाहावे लागते. तीन दुवे दिले म्हणजे तीन पुरावे झाले, असेही समजू नये. बहुतेक वेळा दोन पाने तिसऱ्यावरून उतरवलेली असतात.

खरीकॉर्नर

आमच्या चौकात कॅमेऱ्याचे स्मारक आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा जन्मसिद्ध हक्क बजावतो.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात केशवराव किती आहेत, याचा विचार कोणी केला आहे का? छायालेखक आणि 'प्रभात'चे एक संस्थापक केशवराव धायबर, संगीतकार केशवराव भोळे, नट केशवराव दाते, आणि ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आपल्या गावात आहे ते केशवराव भोसले, जे १९२१ मध्येच गेले आणि बोलपटापर्यंत पोहोचलेच नाहीत. १९३७ च्या 'कुंकू'त तर दाते भूमिका करतात आणि भोळे संगीत देतात. चॅटबॉटला आडनावाशिवाय 'केशवराव' विचारले की तो या चौघांतून त्या क्षणी जवळ वाटेल तो उचलतो. बाबूरावांचेही तेच. बाबूराव पेंटर आणि बाबूराव पेंढारकर हे दोघेही कोल्हापूरचे, दोघांचाही महाराष्ट्र फिल्म कंपनीशी संबंध. 'अयोध्येचा राजा'त भूमिका आहे ती पेंढारकरांची. पण मला मिळालेल्या उत्तरात पेंटर नट झाले होते.

तिसरीघंटा

खरीकॉर्नर, सुलोचना राहिल्या. मूकपटांच्या काळातील सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, आपल्या सुलोचनादीदी म्हणजे सुलोचना लाटकर, आणि लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण. या तिघींची मिळून एकच कारकीर्द मला एका उत्तरात वाचायला मिळाली. त्या हिशेबाने बाईंनी मूकपटात नायिकेचे काम केले, पुढे आईच्या भूमिका केल्या आणि उरलेल्या वेळात लावण्याही गायल्या.

उत्तरपक्ष

सर्वांचे वाचले. यंत्राला झोडपणे सध्या सोपे आहे. पण माणसांनी केलेल्या याद्या किती निर्मळ आहेत? चित्रपटांची जगातील सर्वांत मोठी सूची समजली जाणारी आयएमडीबी १९९० मध्ये हौशी मंडळींनी सुरू केली आणि आजही तिच्यातील पुष्कळशा नोंदी वापरकर्त्यांनी पाठवलेल्या असतात. जुन्या मराठी चित्रपटांच्या बाबतीत तेथे काय अवस्था आहे ते येथील प्रत्येकाला ठाऊक आहे.

आणि आपली स्मरणशक्ती? १९३६ च्या 'संत तुकाराम'मधील 'आधी बीज एकले' हे पद शांताराम आठवले यांनी लिहिले. पण तो तुकोबांचाच अभंग आहे, असे समजणारे लोक आजही भेटतात. ही गफलत होण्यासाठी कोणत्याही संगणकाची गरज पडली नाही. माझा अनुभव असा की, गेल्या दहा-पंधरा वर्षांतील चित्रपटांसाठी, शोधाची सोय चालू ठेवून विचारले तर मुख्य श्रेये नीट मिळतात आणि हाताने टंकण्याचा पुष्कळ वेळ वाचतो. तेव्हा सरसकट नकार हा आळसाचाच एक प्रकार आहे, असे मी म्हणेन.

रीळवाला

उत्तरपक्ष, नव्या चित्रपटांबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. पण प्रश्न १९७० पूर्वीच्या कोल्हापूरचा आहे. माणसाच्या चुकीला पत्ता असतो, हा फरकही तुम्ही सोडून दिलात. एखाद्या पुस्तकात चुकीचे नाव असेल तर लेखकाने ते कशावरून घेतले याचा माग काढता येतो, आणि तोच माणूस आणखी कोठे घसरला असेल याचाही अंदाज येतो. येथे त्याच प्रश्नाला सकाळी एक नाव आणि दुपारी दुसरे मिळते. चूक एकाच जागी थांबत नसेल तर ती दुरुस्त कशी करायची?

उत्तरपक्ष

त्याच प्रश्नाला दोनदा वेगळी नावे येणे, हेच त्या रकान्यावर लाल खूण करण्याचे साधन का असू नये? तोच चित्रपट वेगवेगळ्या संवादांत, वेगवेगळ्या शब्दांत विचारावा. नावे जुळली नाहीत तर तेथे कागदपत्र शोधणे अगत्याचे आहे, एवढे तरी कळते.

संगणकमित्र

ही युक्ती उपयोगी आहे. पण ती एकाच दिशेने चालते. नावे जुळली नाहीत तर संशय घ्यावा, हे बरोबर. नावे जुळली म्हणून विश्वास ठेवावा, हे चूक, कारण जालावर रुजलेली चूक प्रत्येक वेळी तितक्याच इमानाने परत येते. 'आधी बीज एकले' हे तुमचेच उदाहरण त्याला लागू पडते.

जुनाछापखाना

मी चाळीसेक वर्षे छपाईच्या व्यवसायात होतो आणि चित्रपटगृहाच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांचा थोडा संग्रह माझ्याजवळ आहे. या पुस्तिकांत कथासार, गाणी, भूमिका आणि पहिल्या पानावर तंत्रज्ञांची नावे असत. जुन्या चित्रपटांसाठी यासारखे साधन नाही, कारण अनेक चित्रपटांच्या प्रती आज नाहीतच. जुनी फिल्म नायट्रेटची, ती लवकर पेट घेते आणि नीट ठेवली नाही तर आपोआपही विरते. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ जळाला, हे आपल्या गावाला सांगायला नको. प्रत उरली असली तरी नामावली पहिल्या रिळाच्या तोंडाशी असते आणि रिळाचा तोच भाग सर्वांत जास्त झिजतो.

नातवाच्या मदतीने मी पुस्तिकांच्या पानांची छायाचित्रे चॅटबॉटला दिली आणि ती वाचून तक्ता करायला सांगितले. साध्या टायपातील मजकूर त्याने फार चांगला वाचला. माझ्या डोळ्यांपेक्षा चांगला, असे म्हणायला हरकत नाही. अडचण आली ती घडी पडून फाटलेल्या कोपऱ्यांपाशी. कागदावर अर्धेच नाव होते, यंत्राने पूर्ण नाव लिहिले. ते मूळ पानाशी ताडून पाहिले नसते तर तो अंदाज आहे, हे कोणालाही कळले नसते, कारण तक्त्यात वाचलेली आणि रचलेली नावे एकाच ठशाने बसतात. त्यानंतर 'जे दिसत नाही तेथे "वाचता येत नाही" असेच लिही आणि प्रत्येक नावापुढे पानाचा क्रमांक दे' अशी ताकीद दिली. मग पुष्कळ फरक पडला. तरी ताडून पाहणे सोडले नाही.

चित्रपटाच्या शीर्षकपट्ट्यांवरील वळणदार, कुंचल्याने रंगवलेली अक्षरे मात्र त्याला जमत नाहीत. तेथे 'भ' आणि 'म' यांची सर्रास अदलाबदल होते.

वाचनवेडी

जुनाछापखाना काका, हे फार मोलाचे लिहिलेत. पुस्तिकेतील नावे आणि पडद्यावरील नावे यांत तफावत आढळते का?

जुनाछापखाना

आढळते. पुस्तिका प्रदर्शनाच्या आधी छापायला जाई आणि चित्रपटात शेवटच्या क्षणापर्यंत बदल होत. गाळलेले गाणे पुस्तिकेत तसेच राहिले, असेही घडे. म्हणून पुस्तिका आणि पडदा ही दोन वेगळी साधने समजावीत आणि एकावरून दुसरे दुरुस्त करू नये. सेन्सॉर प्रमाणपत्राचा उपयोग लांबी, रिळांची संख्या आणि तारीख यांच्यापुरता. तंत्रज्ञांची नावे त्यावर शोधू नयेत.

करवीरकन्या

येथे एक प्रश्न कोणीच विचारला नाही. समजा, पडद्यावर जे आहे ते अचूक उतरवले. तरी ते खरे असते का? १९६५ चा भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' घ्या. संगीत 'आनंदघन' यांचे, असे पडद्यावर येते. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे आता सर्वांना माहीत आहे. 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'तांबडी माती' या चित्रपटांचेही तेच. 'सैरंध्री'त काम करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी पडद्यासाठी कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी नावे घेतली, कारण त्या काळी बाईने चित्रपटात काम करणे समाजाला मान्य नव्हते. आपल्या सूचीत काय लिहायचे? चॅटबॉट कधी टोपणनाव देतो, कधी खरे नाव, कधी दोन वेगळ्या व्यक्ती समजून दोन्ही. त्याला दोष देण्याआधी आपले धोरण ठरलेले असावे, असे मला वाटते.

खरीकॉर्नर

माझे मत असे की, पडद्यावर आहे ते जसेच्या तसे एका रकान्यात लिहावे आणि व्यक्तीची ओळख शेजारच्या रकान्यात. भालजींच्या चित्रपटासमोर नुसते लताबाईंचे नाव लिहिले तर त्यांनी आपले नाव का झाकले होते, ही गोष्टच सूचीतून निघून जाईल.

रीळवाला

अनुमोदन. शिवाय 'व्यक्ती' या रकान्यात प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा, म्हणजे चार केशवराव चार क्रमांकांवर बसतील आणि शांतारामबापू व शांताराम आठवले एकमेकांच्या जागी जाणार नाहीत. क्रमांक देण्याचे काम माणसानेच करावे. 'ही दोन नावे एकाच व्यक्तीची असू शकतात का, ते तपासा' अशी संशयितांची यादी मात्र यंत्राकडून करून घ्यावी. बाबूराव, बाबुराव, पेंटर, पेन्टर अशा लेखनभेदांतून सारखेपणा हेरण्यात ते तरबेज आहे.

अनुष्टुभ

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण 'कुंकू' आणि 'संत तुकाराम' हे कोल्हापूरचे चित्रपट कसे? 'प्रभात'ची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. हे दोन्ही चित्रपट पुण्यात झाले.

खरीकॉर्नर

माणसे येथलीच होती ना? बरे, बरे. सूचीत घालू नका. गप्पांत असू द्या.

वाचनवेडी

अनुष्टुभ यांचे बरोबर आहे. चित्रीकरण कोल्हापुरातील स्टुडिओत झाले असेल तरच चित्रपट घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्यामुळे 'प्रभात'चे १९३३ पर्यंतचे चित्रपट येतील, नंतरचे येणार नाहीत. चॅटबॉटला 'कोल्हापूरचे चित्रपट' एवढेच विचारले तर तो ही रेषा पाळत नाही, हे खरे. पण धाग्यावरील मंडळीही पाळत नाहीत, असे दिसते.

मेघदूत

दोन भाषांत निघालेल्या चित्रपटांकडेही लक्ष द्यावे. 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत झाला. अशा जोड्यांत श्रेये सारखी असतीलच असे नाही. उदाहरण पुण्याचे आहे, अनुष्टुभ यांनी रागावू नये: १९४१ च्या 'शेजारी'त पाटलाची भूमिका केशवराव दाते यांची, तर त्याच्याच हिंदी 'पडोसी'त ती मजहर खान यांची, मिर्झा मात्र दोन्हींकडे गजानन जागीरदार. चॅटबॉट या दोन चित्रपटांची मिळून एकच नामावली करतो आणि ती वाचताना काहीही खटकत नाही. दोन्ही भाषांतील चित्रपटांना स्वतंत्र ओळ द्यावी, हे उत्तम.

अनुष्टुभ

रागावलो नाही. उदाहरण चपखल आहे. त्यात पुन्हा केशवरावच निघाले, हे पाहून बरे वाटले.

संगणकमित्र

आणखी एका गोष्टीचा इशारा द्यावासा वाटतो. तुमची सूची जालावर प्रसिद्ध झाली की उद्याची यंत्रे तीच वाचून शिकतील. कोल्हापूरच्या मूकपटांविषयी मराठीत इतके थोडे लिखाण आहे की, तुमच्या एका तक्त्याचे वजन फार मोठे होईल. यंत्राने रचलेले एक नाव त्यात शिरले तर पुढच्या वर्षी तेच नाव तुमच्याच सूचीचा हवाला देऊन परत येईल आणि मग ते खोडणे जवळजवळ अशक्य होईल. म्हणून ज्या नोंदीला साधन नाही ती नोंद प्रसिद्धच करू नये. 'माहिती उपलब्ध नाही' असे शब्द रकान्यात दिसले तर त्यात कमीपणा नाही.

उत्तरपक्ष

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, हे येथे नमूद करतो, म्हणजे मी केवळ विरोधासाठी विरोध करतो असा समज राहणार नाही. माझा आग्रह इतकाच की, काका म्हणतात तसे पाने वाचून घेणे आणि रीळवाला म्हणतात तसे लेखनभेद जुळवणे, ही कामे यंत्राला जरूर द्यावीत. कारकून हुशार आहे. त्याच्या हातात शिक्का देऊ नये.

वाचनवेडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेनंतर आम्ही पुढीलप्रमाणे काम करणार आहोत. चॅटबॉटला 'या चित्रपटाची श्रेये सांग' असा प्रश्न कोणीही विचारणार नाही. आधी साधन हाती घ्यायचे, म्हणजे पुस्तिका, जाहिरात, त्या काळातील वृत्तपत्राचे कात्रण किंवा प्रत उपलब्ध असेल तर शीर्षकपट्ट्या, आणि त्याचे छायाचित्र देऊन केवळ त्यातील मजकूर उतरवून घ्यायचा. उतरवलेली प्रत्येक ओळ दोघांनी मूळ कागदाशी ताडायची. करवीर नगर वाचन मंदिरात जुनी नियतकालिके पाहता येतील का, याची चौकशी करीत आहोत, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहिणार आहोत. पडद्यावरचे नाव, व्यक्ती, साधन आणि ताडून पाहणाऱ्याची आद्याक्षरे असे चार रकाने वाढवले आहेत. तरुण मंडळी नाराज आहेत. पण तक्ता बांधण्याचे आणि क्रमांक जुळवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले आहे.

एक शंका उरते. बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' १९२५ मध्ये मूकपट म्हणून केला आणि १९३६ मध्ये पुन्हा बोलपट म्हणून. आम्ही दोन ओळी केल्या आहेत. कथा दोन्हींकडे नारायण हरी आपटे यांची आहे, तर कथेचे श्रेय दोनदा लिहावे की एकदाच लिहून खूण करावी?

रीळवाला

दोनदा लिहावे आणि दोन्हींना स्वतंत्र साधन जोडावे. १९२५ च्या चित्रपटातील तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम. एकच ओळ केली तर त्यांचे नाव १९३६ च्या कलावंतांत जाऊन बसेल आणि यंत्राला दोष देण्याची सोयही राहणार नाही.

जुनाछापखाना

१९३६ च्या बोलपटाची पुस्तिका माझ्याकडे नाही. कोणाच्या घरी असेल तर मुखपृष्ठाबरोबर मलपृष्ठाचेही छायाचित्र काढावे. छापखान्याचे नाव तेथे असते आणि पुस्तिका पहिल्या प्रदर्शनाची आहे की नंतरच्या, हे त्यावरून बऱ्याचदा कळते.